जिन्याचा हिशेब

१९५८, मे महिन्यातला एक रविवार, सकाळची वेळ. हजर: वडील, आई, आत्या, मामा आणि मी. जागा: दादरची आमची तळमजल्यावरची खोली. विषय एकच, वडिलांनी नोकरीवर जायचं कसं.

वडील गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. पडून त्यांचा गुडघा मोडला होता. काठी घेऊन सपाटीवर चालता येई, पण स्टेशनच्या पुलाचा जिना चढवत नव्हता आणि ट्रामच्या पायरीवर पाय उचलत नव्हता. रोजची टॅक्सी परवडणारी नव्हती. मालक जूनपर्यंत थांबणार होते. मग दुसरा माणूस.

"मी मोटार घेते," आत्या म्हणाली. ती परळच्या शाळेत शिक्षिका, आमच्याच घरी राहायची. पारशी कॉलनीतल्या एका म्हाताऱ्याची जुनी, लहानशी गाडी तिने पाहूनही ठेवली होती.

मामाचा घसा आदल्या संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत घोषणा देऊन बसला होता, तरी तो थांबला नाही. "ताई, पेट्रोल, टायर, विमा! एका दुरुस्तीच्या पैशांत रेल्वेचे वर्षभराचे पास निघतील. शिवाय लोक म्हणतील, मोर्च्याला पायी आणि कामाला मोटारीने!"

"म्हणू देत. तुमचा हिशेब बरोबर आहे. पण पासाच्या किमतीत तुम्ही जिना धरला नाहीत. दादाचा पगारही धरला नाहीत."

आईने विचारलं, "पण चालवणार कोण?"

"मी."

कित्येक दिवसांनी वडील हसले. "अगं, तुला सायकलसुद्धा येत नाही!"

"सायकल पडते. ही चार चाकांवर उभी राहते."

पहाटे शिवाजी पार्कभोवती ती शिकली. पदर खोचून, मान ताठ. फिरायला आलेले पेन्शनर तिची गाडी दिसली की फुटपाथवर चढत.

जूनमध्ये वडील पुढच्या सीटवर बसून कामावर गेले. मागे गिरगावातच नोकरी करणारे दोन शेजारी, पेट्रोलचा वाटा देणारे. रिकामी सीट म्हणजे तोटा, हा आत्याचा नियम. सगळ्यांना सोडून ती परळला दुपारच्या शाळेत हजर. संध्याकाळी उलटी फेरी. वडिलांनी पेन्शनपर्यंत नोकरी केली.

गाडी स्वस्त पडते असं मात्र ती कधीच म्हणाली नाही. एकटीला कुठे जायचं असलं की सरळ स्टेशन गाठायची. "माझे गुडघे शाबूत आहेत," म्हणायची. तिची ही सचोटी मला गाडी चालवण्याहून मोठी वाटते.

आता तिचे गुडघे गेलेत. गिरगावातल्या मैत्रिणीला भेटायचंय. टॅक्सी आणते म्हटलं, तर म्हणाली, "टॅक्सी नको. तू ने."

मी जन्मभर पासवाली. ड्रायव्हिंग स्कूलची चौकशी केली, वेळ ठरवली, चपला बदलून बूटही घेतले. शिकायला जायचं तेवढं राहिलंय.