अकरा किल्ल्या

‘इफ पीपल लीव्ह द व्हिलेज...’ फळ्यावर एवढंच लिहून मी बारावीच्या वर्गाकडे वळले. लोक गाव सोडून गेले, तर? पुढचं त्यांनी इंग्रजीत पुरं करायचं होतं. बुऱ्हाणपुरातल्या आमच्या शाळेत निम्मी पोरं तापीकाठच्या केळीवाल्या गावांतून येतात. हा विषय त्यांच्या घरचाच, म्हणून मी खुशीत होते.

उत्तरंही भराभर आली. शाळा बंद पडेल. दुकान चालणार नाही. माकडं केळी खातील. वर्ग हसला, मीही हसले. मग जैनाबादच्या पलीकडच्या गावातून येणाऱ्या एका मुलीला उठवलं. इंग्रजीत हुशार, पण रोज उशिरा येणारी.

“मॅडम, नही आता,” ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. “तुझ्याच गावचं विचारतेय ना? अर्ध्या घरांना कुलपं आहेत. उद्या तूही जाशील!”

वर्ग पुन्हा हसला. ती मान खाली घालून बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्याही नाही. तिच्या गावची मैत्रीण म्हणाली, “मॅडम, उसके घर को ताला है.” तिचे वडील सुरतेला जायचं म्हणतात, हे मला ठाऊक होतं. गेले असतील तर पोरीची बारावी संपलीच, आणि जाताना ती माझं ते वाक्य घेऊन गेली. जिभेला हाड नसलं की असं होतं.

शाळा सुटल्यावर स्कूटी काढली आणि पूल ओलांडून थेट तिचं गाव गाठलं. गल्लीत घरामागून घर कुलूपबंद. तिच्या दारालाही कुलूप. मी तिथेच ओट्यावर बसले. बसल्यावर लक्षात आलं, ओटा स्वच्छ आहे. समोरच्या बंद दारापुढे ताजा सडा. त्याच्या शेजारीही सडा, वर रांगोळीची दोन बोटं.

तेवढ्यात टोकाच्या घरातून धुळीचा लोट आला आणि त्यामागून ती. नाकाला ओढणी, गळ्यात सुतळीत ओवलेल्या किल्ल्या.

“मॅडम? तुमी इथं?”

“तुम्ही... गेला नाहीत?”

“कुठं? मम्मी-पप्पा केळीच्या कटाईले गेले, म्हून ताला.” तिने किल्ल्या वाजवल्या. “आखाजीले, अक्षय तृतीयेच्या सणाले, समदे घरी येतील ना, मॅडम. जाताना आमच्याजवळ चाबी देऊन जातात. अकरा घरं हायेत. रोज सकाळी सडा टाकते, आता दोन दिवस आतून झाडून ऱ्हायले.”

माझा जीव भांड्यात पडला. तिचा रोजचा उशीरही तेव्हाच कळला, आणि त्यापायी मी तिला किती बोलले तेही आठवलं. मी कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. आमच्याकडे जायचं म्हणजे क्वार्टर रिकामं करून किल्ली ऑफिसात जमा करायची, मागे वळून बघायचं नाही. कुलूप म्हणजे संपलं, एवढंच मला माहीत.

“त्या दिवशी मी फार वाईट बोलले,” मी म्हटलं. “रागावली होतीस?”

“थोडीशी.” मग म्हणाली, “पन उत्तर खरंच येत नव्हतं. तुमी लिहिलं, लोक गेले. चाबी तर इथंच हाय.”

तिने किल्ल्यांशी चाळा केला. “मॅडम, सोमवारी येते मी. सुरतचं पप्पांनी रद्द केलं. पन बारावीनंतर मी कॉलेजले इंदूरला गेली, तर ह्या चाब्या कोनाले देऊ?”

इतका वेळ दाबून धरलेलं रडू तेव्हा आलं. डोळे पुसून मी हात पुढे केला. “मला दे.”

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. किल्ल्या काही दिल्या नाहीत.

“आधी झाडून दाखवा,” म्हणाली, आणि खराटा माझ्या हातात दिला.