पैनगंगेपलीकडचा दादा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला अर्धंमुर्धं माहीत आहे, पण तीही कधी विचारत नाही.

माझं पत्रक तू वाचलं असशील — 'मनोरुग्णाला साखळीनं बांधणं हा उपचार नाही, गुन्हा आहे.' आदिलाबादकडच्या बेल्याच्या बाजारात मी ते ओरडून वाटायचो. मॅजिस्ट्रेटचे अधिकार, पोलिसांची जबाबदारी, सगळं तोंडपाठ. आणि आमच्या घरी, मागच्या कापसाच्या खोलीत, माझा थोरला भाऊ विलासदादा बांधलेला होता.

तेच पत्रक वाचून कुणीतरी आमच्याच घराची तक्रार केली. आदिलाबादहून आरोग्य खात्याच्या मॅडम आल्या. मी दारातच आडवा झालो — मॅजिस्ट्रेटचा हुकूम आहे का? नव्हता. "घेऊन येते," म्हणाल्या. आणणारच होत्या, चेहऱ्यावर दिसत होतं.

बहिणीच्या, मीनाच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. बाबा भडकले, "पाहुणे येऊन राह्यले अन् दारात पोलिसाची गाडी? तूच शिकवलं नं लोकाले? आता तूच निस्तर."

निस्तरलं. पैनगंगा ही राज्याची सीमा, आमच्या राज्याच्या खात्याचा हात तिथपर्यंतच पोचतो, हे घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं. मामाचं शेत पलीकडे, महाराष्ट्रात. तिथं सगळं नव्यानं — नवी तक्रार, नवा मॅजिस्ट्रेट. आणि तक्रार करणार कोण? असल्या कायद्याची चीड येते. पण ती फट शोधली कुणी?

मोटरसायकलवर पुढे मी, मागे मामा, मध्ये दादा. मला चिडवायला तो वकीलच म्हणतो. "काऊन बे वकील, सोडवलं का मले तुनं?"

मी "हो" म्हणालो.

पूल येईपर्यंत तो हसत होता. "लय दिवसानं वारा लागून राह्यला बे!" साखळी माझ्या पिशवीत होती.

मामाच्या गोठ्यात साखळीला कुलूप मी लावलं. मामानं नाही, बाबांनी नाही — मी. दादानं पाय मागे घेतला नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिला.

मॅडम हुकूम घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना झाडलेली, रिकामी खोली दाखवली. म्हणालो, बरा झाला, कामाला गेला.

मीनाचं लग्न झालं. ती सुखात आहे. दादा अजून त्या गोठ्यात आहे. पलीकडच्या ठाण्यात एक फोन केला तर पुरेल.

मी तो केलेला नाही.