दिनूभाऊंची दलाली

दिनूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका फायलीवर सही करत होतो. त्यांच्या मुलीने एवढंच सांगितलं, "अंकल, पापा नहीं रहे." मी सही पूर्ण केली. का केली, कोण जाणे... महिना उलटला तरी त्याची लाज वाटते.

गुढियारीत आमची घरं एकाच गल्लीत. दोघांचेही वडील रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून इकडे हिंदी मुलखात आलेले. मी सरकारी खुर्चीला चिकटलो, दिनूभाऊ जमिनीच्या दलालीत पडले. राज्य नवं झालं, नवी राजधानी ठरली आणि अभनपूरच्या बाजूला जो तो प्लॉट बघत सुटला. दलाल बसल्या जागी पैसा खातो, असं लोकांना वाटायचं. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात रजिस्ट्री होईपर्यंत त्यांच्या हाती दमडी पडत नसे. पेट्रोल, पेपरातली जाहिरात, गिऱ्हाइकाचा चहा-नाश्ता, सगळं स्वतःच्या खिशातून. कितीतरी जणांना उन्हातान्हात हिंडवावं तेव्हा एखादा घेणार. मग घेणाऱ्याकडून एक टक्का, विकणाऱ्याकडून एक, आणि त्यातही घासाघीस. घेणारा-विकणारा परस्पर भेटले तर तेही बुडतं, म्हणूनच सौदा पक्का होईपर्यंत दलाल मालकाचं नाव गिऱ्हाइकाला कळू देत नाहीत. दिनूभाऊ तर याबाबतीत भारी कडक.

गेल्या वर्षी मी प्लॉट बघायला लागलो, तेव्हा मात्र त्यांनी मला थेट मालकाच्या ओसरीवर नेऊन बसवलं. मी चेष्टेने म्हटलं, "भाऊ, धंद्याचा नियम मोडला की!"

"तुह्यापासून काय लपवू बे? तू घरचा माणूस."

आठवड्याभरात त्या मालकाचा मला फोन आला. "बीच में दलाल क्यों, भैया? दोनों का पैसा बचेगा." मी दोन दिवस विचार केला, असं म्हणायला मला आवडेल. खरं तर लगेच हो म्हणालो. दिनूभाऊंना सांगितलं, बेत रद्द झाला. आणि गुपचूप रजिस्ट्री करून मोकळा झालो.

त्यांना कळायचं ते कळलंच. रजिस्ट्री ऑफिससमोरच्या टपरीवर भेटले, म्हणाले, "प्लॉटले कंपाउंड घालून घे लवकर. तिकडं लोक हद्दीचे दगड सरकवून राहिले." बस. शिव्या घातल्या असत्या तर मी निदान भांडलो तरी असतो.

तेरवीनंतर त्यांच्या दलालीची रक्कम पाकिटात घालून वहिनींकडे गेलो. त्या सांगत होत्या, "मागच्या वर्षीपासून छातीत दुखे त्यांच्या. डॉक्टरनं मोठी तपासणी सांगितली, तं म्हणे, एक सौदा पक्का आहे, रजिस्ट्री झाली की करू. तो कोणाचा होता, मले काही ठाऊक नाही." माझा हात खिशातच राहिला. मग त्यांनीच विचारलं, "तुमचंही काही जमलं नाही म्हणे, भाऊजी? ते म्हणत होते, तुमच्या बायकोले जागा पसंत नाही पडली."

मी "हो" म्हणालो आणि पाकीट घेऊन परत आलो.

त्यांच्या घरी हाच पेपर येतो. समोर बसून बोलायची माझी हिंमत नाही, म्हणून इथे लिहितो. वहिनी, जागा पसंत पडली होती. ती मी घेतली.