घास कापायचा विळा

ताज्या कापलेल्या लसूणघासाचा वास आला की मला आमचं महाळुंगे पडवळचं वावर आठवतं. एका वर्षी आईच्या अंगावर लाल ठिपके उठले होते, हिरड्यांतून रक्त यायचं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, शरीरच आपल्या रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट मारतंय. गोळ्यांनी उतार पडेल, तोवर कुठं कापू देऊ नका. वडिलांनी तिचा घास कापायचा विळा कडब्याच्या गंजीत लपवला, विळीसुद्धा चुलतीकडे दिली. आम्ही भाजी हातानं मोडून खायचो. रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी वडिलांनी विळा शोधून काढला आणि त्यावरचा गंज घासताना स्वतःचंच बोट कापून घेतलं. चिंधी बांधताना आईला हसू आवरेना, "अवं, आता तुमच्या बी प्लेटलेट तपासा की!" अजूनही मी गावी गेलो की आई घास कापत असते आणि वडील पावण्यांना बोटावरचा व्रण दाखवत असतात, "ही बरी झाली, त्याची ही खूण."