फक्कीच्या घरातली मारामारी

नळदुर्गात किल्ल्याकडची ती गल्ली एवढी अरुंद, की समोरासमोरची माणसं आपापल्या ओट्यावर बसून एका ताटात जेवतात. पटत नसेल तर मापून या. त्या गल्लीत तीन भावांच्या सामाईक जागेवर मला, म्हणजे त्यांच्या आर्किटेक्टला, तीन मजले रचायचे होते. किल्ल्यामुळं त्यापेक्षा उंच जायची परवानगी नव्हती. दर्शनी भिंत जुन्याच काळ्या दगडाची, माळवदाची पांढरी माती नि सागवान पुन्हा वापरायचं. आत मात्र सरकत्या लाकडी भिंती. पोराचं लग्न झालं की खोली वाढवा, पोरगी सासरी गेली की आक्रसून घ्या.

धाकटा भाऊ वारलेला. त्याची बायको गल्लीकडं मशीन टाकून ब्लाऊज शिवायची. तिला मी तळमजल्यावर खोली नि गल्लीत उघडणारं स्वतःचं दार दिलं.

"तिला येगळं दार कशाला?" थोरला म्हणाला. "आमच्याच दारातून येईल-जाईल की."

म्हणजे त्यानं कडी काढली तर येईल. हे तिलाही कळलं नि मलाही.

कागदावरचा नकाशा कुणालाच कळेना. म्हणून जुनं घर उतरवून मोकळ्या झालेल्या जागेवर मी चुन्याच्या फक्कीनं पुरा तळमजला आखला आणि म्हणालो, "राहून बघा." इथंच माझी अक्कल चरायला गेली. आमच्याकडं पांढरी रेघ म्हणजे मोजणी, मोजणी म्हणजे हद्द आणि हद्द म्हणजे कुऱ्हाड. वर मी ओरडून सांगतोय, "ही भिंत सरकते!" सरकणाऱ्या बांधापायी ज्या मुलखात पिढ्यान्पिढ्या डोकी फुटली, तिथं!

मधल्याची बायको हौसेनं आपल्या फक्कीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. थोरला तिच्या चुलीवरून तरातरा चालत गेला.

"दादा, भिंतीतून कसं आलाव?" मधल्यानं विचारलं.

"कुठाय भिंत? हिला भिंत म्हणतूस व्हय रं?" असं म्हणत थोरल्यानं पायानं रेघ पुसली.

मधल्यानं फावडं घातलं ते त्याच्या खांद्यात. थोरल्यानं त्याची मान धरून तोंड दगडाच्या ढिगावर आपटलं, दोन दात तिथंच राहिले. मग मधल्यानं हाताला लागला तो दगड उचलून थोरल्याचं बोट ठेचलं. मारामारी मराठीत चालली होती, शिव्या कानडीत. मी मधे पडलो आणि टिकावाचा दांडा माझ्या टाळक्यात बसला. सोलापूरपर्यंत आवाज गेला म्हणतात. रक्त बोरी नदीला मिळालं असं मी पाहुण्यांना सांगतो. खरं म्हणजे गटारापर्यंतही पोचलं नाही. पण फक्कीवर पडलेलं रक्त आधी गुलाबी दिसतं नि मग काळं पडतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

"ह्या बाईच्या दारापायी झालं समदं!" थोरल्यानं टिकाव उचलला आणि तिच्या खोलीच्या रेघा उकरत सुटला.

तोवर ती लाकडांच्या ढिगाकडं गेली होती. "मिस्त्री, धरा." दोघा मिस्त्रींनी सागवानी चौकट उचलून तिच्या दाराच्या जागी उभी केली आणि बुडाला दगड ठोकले. घर शिवभक्तांचं. तिनं डबीतलं भस्म काढून चौकटीवर तीन बोटं ओढली.

"नवरा गेलेल्या बाईनं चौकट पुजायची?" थोरला किंचाळला.

"कुंकू न्हाय लावलं, भावजी. भस्म लावलंय. पुसा बघू."

पायाभरणीचा नारळ तिनं उंबऱ्यावर असा हाणला, की करवंटीचा तुकडा थोरल्याची भुवई फाडून गेला. चौकटीवर उगारलेला टिकाव वरच राहिला. पुजलेली चौकट आमच्याकडं कुणी उपटत नाही; उपटणाऱ्याच्या वंशाला दिवा राहत नाही म्हणतात, आणि त्याला तीन पोरं होती. त्यानं टिकाव दगडांवर फेकला. ठिणग्या उडाल्या.

चौकट घाईत हातभर तिरकी बसली होती. मी ती हलवली नाही, सगळा नकाशा तिच्याभोवती फिरवला. सरकत्या भिंती सरकल्या, जिनाही वळला. घर उभं राहिलं, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्याला आता तिच्या दारासमोरूनच वर जावं लागतं. परवा मी तिथंच बसलो असताना त्यानं तिच्या दारात चपला काढल्या. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली,

"भावजी, चपला बाजूला. गिऱ्हाईक येतंय."

त्यानं उचलल्या.