गाडीखालची चार बोटं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बोलणार तरी कोणाजवळ? लग्न केलं नाही, मित्र होते ते चहाच्या टपरीपुरते. आता घरात मी एकटा, आणि तुम्ही ऐकून राहिले, तर सांगतो. गोष्ट एका छोट्या गाडीची आहे. म्हणजे — गाडीची नाहीच. पण गाडीपासून सुरू केलं की मला बोलता येतं.

तेव्हा मी तिशीतला. हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो, नंदनवन वस्तीत बाबांसोबत राहायचो. घरात दोघंच. बाबा शिंपी. इतवारीत चाळीस वर्षं मशीनचं पायडल मारून गुडघे पार गेलेले. एसटीची पायरी त्यांना चढवत नसे. म्हणून ती छोटी गाडी दारात आली — तेव्हा नवीनच निघाली होती, आमच्या गल्लीत पहिलीच — तर बाबा तिच्या टपावर हात ठेवून पहिलं काय बोलले? "आता बाईकडे जाता येईन गा, वसंता."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, खाप्याची. माझी आत्या. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. पुढची तीन वर्षं मला आत्यानं सांभाळलं. तिच्या हातचं खाऊन वाढलो मी. हे लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

माझ्या डोक्यात भलतंच खूळ होतं. सीताबर्डीच्या फुटपाथवर, जुन्या विदेशी मासिकात, जमिनीला चिकटून पळणाऱ्या गाड्या पाहिल्या आणि आपली गाडी बकरीसारखी उंच दिसायला लागली. झालं! एका रविवारी अंगणात गाडी जॅकवर उचलली, खाली लाकडाचे ओंडके दिले, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि लोखंडाच्या करवतीनं दीड-दीड वेढा कापून टाकला. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगांचे पाटेही कमी केले. करवतीची चार पाती मोडली, बोटं सोलली. संध्याकाळी गाडी खाली उतरवली, तर अशी बसली — खोटं कशाला बोलू, मस्त दिसत होती.

बाबा बाहेर आले. त्यांना डोळ्यांचं माप पुरत नसे, हात लावून मोजायचे. गाडीचा आधार घेत कसेबसे खाली बसले, दाराखाली हात घातला. "चारच बोटं राहिली ना गा! आधी वीतभर होती. काहून कापलं? कपडा असता तर जोड देता आला असता. याले काय जोड देशील?" असं म्हणाले आणि हसले. रागावले नाहीत. रागावले असते तर?

पुढच्या रविवारी खाप्याला निघालो. सावनेरहून वळलं की तेव्हा रस्ता फार वाईट. पहिल्याच रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या फरशीवर, गाडी पोटावर घासली. बाबा म्हणाले, थांब, मी उतरतो, वजन कमी होईन. उतरले. गुडघ्यांवर हात ठेवून, उन्हात, तो रपटा चालून गेले आणि मी मागून रिकामी गाडी आणली. पुढे पुन्हा तेच. पुन्हा उतरले. तिसऱ्या वेळी इंजिनाखालून असा आवाज आला की मी घाबरून गाडी परत फिरवली. सारा वेळ बाबा काय म्हणत होते? "माह्यामुळे तुह्या गाडीले त्रास झाला गा."

त्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो. गाडी खरंच घासत होती. पुढच्याच आठवड्यात मी हिंगण्याच्या एका मिस्त्रीकडून नव्या स्प्रिंगा बसवून घेतल्या, पाटेही पूर्ण केले. कंपनीच्या गेटजवळच्या उंचवट्यावर रोज घासायची, चारचौघांत हसू व्हायचं. गाडी होती तशी उंच झाली. बाबांना सांगितलं नाही. मुद्दाम नाही — राहून गेलं. आणि मग रविवार आला, त्यांनी विचारलं, "जायचं का बाईकडे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घासते ना बाबा."

इतकं सोपं होतं ते! पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. काहून? मोठं काही कारण असतं तर मी ते तुम्हाला सांगितलं असतं. गाडी कापण्याआधी दोन-तीनदा गेलो होतो — आत्या खाटेला लागली होती, खोलीत वास यायचा, ती हात धरून सोडायची नाही, लग्नाचं विचारायची. मला कंटाळा यायचा. बस. रविवारी मी एकटाच फुटाळ्याला जायचो, तलावाकाठी गाडीत बसून टेप ऐकायचो.

मग खाप्याहून कार्ड आलं. आत्याच्या मुलानं लिहिलं होतं — आई जेवत नाही, मामा, तुमचंच नाव घेते. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हळूहळू नेशील का गा? जिथी घासन तिथी मी उतरीन. चालीन."

मी म्हणालो, "नाही जमत बाबा. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटन."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलो, चहा ठेवत होतो. खिडकीतून पाहिलं तर बाबा गाडीजवळ जमिनीवर बसलेले. दाराखाली हात घातला. वीतभर पसरला. काढला. परत घातला — शिंपी माणूस, दोनदा मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. मग तसेच बसून राहिले. उठताना हात घसरला, पुन्हा बसले. मी खिडकीत होतो. गेलो नाही. आत आल्यावर एवढंच म्हणाले, "चहात साखर कमी टाक."

आता जे सांगतो ते सगळ्यात वाईट. त्या रविवारी बाबा सकाळीच आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओसरीत खुर्चीवर बसले. पिशवीत आत्यासाठी संत्री. विचारलं काही नाही. त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. मी त्यांच्यासमोरून गेलो, गाडी काढली आणि फुटाळ्याला गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा धोतर घडी करून ठेवलेलं होतं.

मंगळवारी आत्या गेल्याचा निरोप आला.

मग नेलं मी बाबांना. त्याच रस्त्यानं, त्याच रपट्यांवरून. गाडी कुठेही घासली नाही. प्रत्येक रपटा आला की बाबांचा हात आपोआप दाराच्या कडीवर जायचा आणि पुन्हा मांडीवर यायचा.

अंगणात सगळे जमलेले. आत्याचा मुलगा बाबांच्या गळ्यात पडला, रडत म्हणाला, "मामा, काहून नाही आले? शेवटपर्यंत दाराकडे पाहून राहिली होती ती."

बाबा म्हणाले, "याची गाडी खाली होती बापा. लय घासत होती. कालच उंच केली यानं, माह्यासाठी." मग माझ्याकडे वळले. "हो ना गा वसंता?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "हो."