मोघम आभार चालत नाहीत

माझी थोरली जाऊ फार आनंदी बाई आहे, असं आमच्या चर्चची अख्खी मंडळी म्हणते. म्हणू दे. त्यांना तिच्याबरोबर एका स्वयंपाकघरात दिवस काढावे लागत नाहीत.

सकाळी नळाला पाणी आलं की "देवा, तुझे उपकार." दूध उतू गेलं की "उरलं तेवढ्याबद्दल उपकार." माझे थोरले दीर वारले, तेव्हा ही चर्चमध्ये उभी राहिली आणि त्यांच्या घोरण्याबद्दल देवाचे आभार मानून बसली. लोक रडता रडता हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठीमागे सगळे तिला 'आभारबाई' म्हणतात. ते तिच्या कानावर गेलं, तर त्यावरही खूश! अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

ती लाँड्रीत कामाला. दवाखान्याच्या ओल्या चादरी वाफेनं तापलेल्या रोलरखाली सरळ सारायच्या. त्याच लाँड्रीत माझा नवरा बॉयलर सांभाळायचा. रोलर पुसताना वाफ बंद ठेवतात. एका दुपारी ती पुसत असताना यानं गप्पांच्या नादात कॉक फिरवला आणि वाफ सोडली. तिचा उजवा हात भाजला. दोन बोटं आता वळतच नाहीत. मालकानं विचारलं, तर हा बेधडक म्हणाला, "कॉक झिजलाय, आपोआप फिरला." मालकाला पटलं. जावेनं मात्र याचा हात कॉकवर पाहिला होता.

आता आमच्या चर्चची रीत अशी, की महिन्याच्या शेवटच्या रविवारी ज्याला आभार मानायचे तो उभा राहतो. पाळकसाहेबांना मोघम आभार चालत नाहीत. काय घडलं, कोणामुळे घडलं, सगळं सांगायचं. आणि लाँड्रीचा मालक बसतो पहिल्या बाकावर. ही बया हाताचेही आभार मानणार आणि माझ्या नवऱ्याची नोकरी घालवणार!

शनिवारी मी तिला गाठलं. ती डाव्या हातानं भांडी घासत होती.

"जाऊबाई, उद्या गप्प बसायचं. तुमच्या उपकारांपायी आमची चूल विझेल. हाताचं नाव काढलंत तर याद राखा."

ती हसली नाही. तिचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"हाताबद्दल कसले आभार? हात जळला माझा. त्यावरून रोज भांडते मी देवाशी."

"मग सकाळी उठून उपकार, उपकार काय चालतं?"

"ते पाण्याचे. पाणी आलं ना? एका गोष्टीवरून भांडण झालं म्हणून बोलणंच टाकू? तूही माझ्याशी भांडतेस, पण जेवायला वाढतेसच की."

मी हातातलं पातेलं आदळलं आणि बाहेर आले.

रविवारी ती उभी राहिली. डाव्या हातानं वेणी घालता आली, वाकडी का होईना, म्हणून उपकार. मलम लावताना नर्स गुणगुणत होती, म्हणून उपकार. बस्स. कॉकचं नाव नाही, माझ्या नवऱ्याचं नाव नाही. बसली. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शेजारी माझा नवरा उठला.

"वहिनी जिवंत आहेत, म्हणून आभार," तो म्हणाला. "कॉक झिजलेला नव्हता. वाफ मी सोडली. मी खोटं बोललो."

मालकानं वळून पाहिलं. खाई त्याला खवखवे, हे ठीक. पण भर मंडळीत? मी खालून त्याचा शर्ट ओढत राहिले.

सोमवारी नोकरी गेली. आता तो गोदामात खोकी उचलतो. मी जावेवर ओरडले, "न बोलता घात केलात!" ती म्हणाली, "नोकरीचं मलाही वाईट वाटतं." आणि तांदूळ निवडायला बसली.

अपघातापासून ती स्वयंपाकघरात आली की हा ताटावरून उठायचा. काल उठला नाही. तिला सफरचंद कापून दिलं, आणि तिच्या वाकड्या वेणीवरून दोघं खो खो हसले. देवाचे आभार मी अजून मानलेले नाहीत. त्याला घाई असेल तर आधी नोकरी द्यावी. पण दारात उभी राहून मी ते हसणं ऐकत होते. ते मला इतके दिवस किती हवं होतं, हे तेव्हा कळलं, आणि मला रडू फुटलं.